वाढलेल्या बांगड्यांची बाग

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सिमला-मनालीला जाणार आहोत. परतताना चंडीगडला एक अख्खा दिवस मोकळा मिळतो आहे. मुलगी म्हणते, रॉक गार्डन बघायचंच. आमचे हे म्हणतात, ‘भंगाराचे पुतळे बघायला तिकीट कशाला काढायचं? आपल्या माळ्यावर भंगार कमी आहे का?’ माझ्या शंका अशा : १) बागेचं नाव ‘रॉक’ आणि आत पुतळे, हे कसं काय? २) सरकारी जागेत एका माणसाने गुपचूप ही बाग उभी केली म्हणतात. एवढ्या अधिकाऱ्यांच्या गावात ते खपलं कसं? ३) सिमेंटचे पुतळे ऊनपावसात टिकतात कसे? आमच्या कंपाउंडच्या भिंतीला चार वर्षांत भेगा गेल्या! ४) सासूबाई बरोबर आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. दिवस कसा बसवावा?
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण पत्रात पाचवाही आहे. तो तुमच्या ‘ह्यां’चा आणि तोच सगळ्यांत अवघड, म्हणून शेवटी घेतो. आधी तुमचे चार.

१) नावात दगड, आत पुतळे

कारण सुरुवात खरंच दगडांपासून झाली.

ही बाग नेकचंद सैनी या माणसाने केली. जन्म १९२४चा, शकरगढ तहसिलीतल्या एका खेड्यात. फाळणीत ती तहसील पाकिस्तानात गेली आणि नेकचंदांचं घर, शेत, गाव, सगळं सीमेपलीकडे राहिलं. १९५१मध्ये ते चंडीगडला बांधकाम खात्यात रस्त्यांवरचे निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. आपल्याकडे ज्यांना ‘रोडवाले साहेब’ म्हणतात, पण जे प्रत्यक्षात साहेब नसतात, त्यातलीच ही नोकरी.

चंडीगडच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या आहेत. तिथून घग्गर, सुखना चो, पटियाली राव असे ओढे-नाले खाली येतात. पावसाळ्यात फुफाटत येतात आणि एरवी कोरडे पडतात. त्यांच्या पात्रात पाण्याने घासून, कोरून, पोखरून ठेवलेले दगड असतात. नेकचंद कामावरून सुटले की सायकलवरून तिकडे जात. एखाद्या दगडात त्यांना पक्षी दिसे, एखाद्यात माणूस, एखाद्यात बसलेलं जनावर. तो दगड सायकलवर लादून आणायचा आणि जपून ठेवायचा, असं १९५७-५८च्या सुमारास सुरू झालं.

हे आपल्याला वेड वाटायचं कारण नाही. आपल्या गावोगावी शिवेवर शेंदूर लावलेले तांदळे आहेत. त्यांना ना नाक, ना डोळे. छिन्नी न लागलेला दगड, पण तोच म्हसोबा, तीच मरीआई. दगडात कुणीतरी बसलेलं आहे हे ओळखणारी नजर आपल्याकडे जुनी आहे. नेकचंदांनी फक्त शेंदूर लावला नाही.

बागेतली सुरुवातीची दालनं या दगडांची आहेत. बहुतेक मंडळी ‘पुतळे कुठे आहेत, पुतळे?’ म्हणत तिथून पळत सुटतात. मीही पहिल्या खेपेस तेच केलं. तुम्ही करू नका. पाच मिनिटं उभ्या राहा आणि मुलीला विचारा, यात तुला काय दिसतं. तिला तुमच्यापेक्षा जास्त दिसेल.

२) गुपचूप बांधकाम

हो, हे खरं आहे. एक-दोन नव्हे, जवळपास अठरा वर्षं ते चालू होतं.

नवं शहर वसवायचं म्हणजे आधी गावं उठवावी लागतात. चंडीगडसाठी वीसहून अधिक खेडी उठली. गाव उठलं की मागे फुटकी मडकी, कौलं, मोडक्या वस्तू उरतात. दुसऱ्या बाजूला नवं शहर उभं राहत होतं. त्याच्या बांधकामातून डांबराची रिकामी पिंपं, फुटक्या फरशा, तुटकी बेसिनं, चिनी मातीचे विजेचे सॉकेट, सायकलींचे सांगाडे निघत होते. जुन्याचा कचरा आणि नव्याचा कचरा एकाच वेळी, एकाच जागी. आणि रस्त्यांवरच्या निरीक्षकाला कोणता ढिगारा कुठे पडलाय, हे सगळ्यांच्या आधी माहीत!

शहराच्या उत्तर टोकाला एक राखीव जंगलपट्टा होता. तिथे बांधकामाला बंदी, म्हणून कुणाचं जाणं-येणंही नाही. त्यातल्या घळीत नेकचंदांनी आपला संसार मांडला. दिवसा नोकरी, संध्याकाळनंतर हे काम. उजेडासाठी जुने टायर जाळायचे. बायको आणि मोजके स्नेही सोडले तर कुणालाही पत्ता नव्हता. बंदीची जागा हेच त्यांचं कुंपण झालं. ज्या नियमाने बाग पाडली गेली असती, त्याच नियमाने ती इतकी वर्षं लपवली.

१९७०च्या दशकाच्या मध्याला अधिकाऱ्यांना घळीचा शोध लागला. कायद्याने पाहिलं तर प्रकरण सरळ होतं : अनधिकृत बांधकाम, जमीनदोस्त करा. पण पाहायला आलेला माणूस हातोडा विसरून तिथेच रेंगाळत होता. गावभर बोभाटा झाला, लोक लोटले आणि प्रशासनाने उलटंच केलं. १९७६मध्ये बाग लोकांसाठी खुली केली. नेकचंदांची रस्त्यांच्या कामातून सुटका करून त्यांना पगारावर बागेच्याच कामाला लावलं, हाताखाली पन्नास मजूर दिले. अतिक्रमण नियमित झाल्याची उदाहरणं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. अतिक्रमण करणाऱ्याची त्याच अतिक्रमणावर सरकारी नेमणूक झाल्याचं मात्र मला हे एकच ठाऊक आहे.

पुढे १९८३मध्ये बागेवर टपालाचं तिकीट निघालं, १९८४मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. पण जागेवरचं संकट काही टळलं नाही. १९९०च्या सुमारास बागेतून रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा चंडीगडकर हातात हात घालून आडवे उभे राहिले आणि यंत्रं माघारी गेली. १९९६मध्ये नेकचंद परदेशी गेलेले असताना पुतळ्यांची मोडतोड झाली. २०१५च्या जूनमध्ये ते गेले. २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या बाजूचा रस्ता आणि पार्किंग यांसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला, तेव्हाही लोक रस्त्यावर आले. कचऱ्यातून उभ्या राहिलेल्या बागेला गाड्या लावायच्या जागेशी झगडावं लागतं आहे.

३) सिमेंट टिकतं कसं?

ताई, तुमच्या भिंतीला भेगा का पडल्या, हे न बघता सांगणार नाही. पाया बसला असेल, नाहीतर गवंड्याने दोन दिवस पाणी मारून काम उरकलं असेल. पण या पुतळ्यांची घडण सांगतो, म्हणजे तुम्हीच ताडून बघा.

आधी सांगाडा. जुने पाइप, सळ्या, सायकलची फ्रेम, जे हाताशी असेल ते. त्यावर सिमेंट-वाळूचा माल थापून अंग भरायचं. शेवटी वरून निव्वळ सिमेंटचा गुळगुळीत थर आणि तो ओला असतानाच त्यात फुटक्या कपबशांचे तुकडे, फरशीचे तुकडे, बांगड्या, बिडाच्या भट्टीतली मळी असं काय काय दाबून बसवायचं.

यात तीन गोष्टी कामाच्या आहेत. एक म्हणजे आकार. बहुतेक पुतळे लहान मुलाएवढ्या उंचीचे. सिमेंट वाळताना आकसतं. भिंत लांबलचक असते, आकसायला जागा मिळाली नाही की ती तडकते. आटोपशीर पुतळ्याला हा ताण कमी. दुसरी, पाणी. सिमेंट उन्हात वाळून घट्ट होतं असं आपण समजतो, ते चूक. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते दगडासारखं होतं. म्हणून तर गवंडी पाणी मारतो. जितके दिवस ओल टिकेल, तितका माल पक्का.

तिसरी गोष्ट सगळ्यांत देखणी आहे. काच आणि झिलईची चिनी माती पाणी पीत नाही आणि तिचा रंगही उडत नाही, कारण तो वरून फासलेला नसतो, भट्टीत भाजून पक्का झालेला असतो. आपल्या चौकातल्या पुतळ्यांना दर जयंतीला रंगाचा हात द्यावा लागतो. इथल्या बायकांच्या अंगावरचा हिरवा रंग पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी बशी आपटली त्या दिवशीचा आहे. फुटका तुकडा हाच दागिना आणि हेच चिलखत.

पण अमर कुणीच नाही. सिमेंट ताजं असतं तेव्हा त्यातल्या क्षारामुळे आतलं लोखंड गंजत नाही. वर्षं जातात तसा हवेतला कार्बन डायऑक्साइड सिमेंटमध्ये मुरतो आणि हे संरक्षण ओसरतं. मग ओल पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा मागतो, म्हणून आतून फुगून सिमेंट फोडतो. बागेत मला एक पुतळा दिसला, हात कोपरापासून गेलेला. तुटलेल्या जागेतून तांबूस सळी डोकावत होती आणि तिच्याभोवती सिमेंट पापडासारखं सुटलं होतं. तुमच्या स्लॅबच्या किंवा सज्ज्याच्या खालच्या बाजूला असा पापड दिसला, तर त्यावर नुसता चुना फासू नका. रोग आत आहे.

म्हणूनच बागेची डागडुजी कधीच संपत नाही. ब्रिटनमध्ये १९९७पासून नेकचंदांच्या नावाचं एक प्रतिष्ठान आहे, त्याचे स्वयंसेवक हातभार लावायला येत आले आहेत. आपण करायची मदत सोपी आहे : पुतळ्यांना हात लावायचा नाही, गळ्यात हात टाकून फोटो काढायचा नाही. माकडाच्या शेपटीला लोंबकळणाऱ्या एका पोराला त्याचेच वडील ‘अजून थोडं खाली वाक’ म्हणताना मी पाहिलेत.

४) सासूबाई आणि दिवसाचं गणित

मे महिन्यात चंडीगडचं ऊन चाळिशी ओलांडतं, म्हणून बाग उघडताच आत शिरा. दोन-तीन तास सहज जातात. बाग सेक्टर १मध्ये, सुमारे चाळीस एकरांवर पसरलेली. वाट एकाच दिशेने जाते, मागे फिरायची सोय नाही. जमीन दगडी, उंचसखल, मधे पायऱ्या. सासूबाईंना चांगली पकड असलेल्या चपला घालायला सांगा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या.

आतली दारं मुद्दाम ठेंगणी आहेत. काही ठिकाणी मान नव्हे, कंबरही वाकवावी लागते. नेकचंदांच्या लेखी हे देवादिकांचं राज्य, तिथे येणाऱ्याने वाकूनच यावं, असं त्यामागचं कारण सांगतात. आपल्या जुन्या देवळांच्या गाभाऱ्याचं दार आठवा. सासूबाईंना हे सांगितलंत तर गुडघ्यांची तक्रार निम्मी होईल.

मधल्या टप्प्यात धबधबे आहेत, त्यांच्याजवळ गारवा असतो आणि तिथेच एक खेडं वसवलेलं आहे. ते पाहताना शकरगढची आठवण ठेवा. ज्या गावी परत जाता आलं नाही, ते त्यांनी नव्या शहराच्या सांदीत पुन्हा वसवलं. शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या कमानी आणि त्यांना टांगलेले झोपाळे आहेत. सासूबाईंना तिथे बसवा. त्या एकदा झोपाळ्यावर बसल्या की तुम्हाला आणि मुलीला तासभर मोकळा मिळेल. नेकचंदांनी चिंध्यांच्या भल्याथोरल्या बाहुल्याही केल्या होत्या, त्यांचं वेगळं दालन आहे. ते उघडं असेल तर चुकवू नका.

दुपारी हॉटेलवर पाठ टेका. संध्याकाळी जवळच्याच सुखना तलावावर जा. तोही माणसाने केलेला, सुखना चोला बांध घालून १९५८मध्ये अडवलेला. काठाने सपाट रस्ता आहे, म्हणजे गुडघ्यांचं काही बिघडत नाही. तुमच्या ह्यांना इमारतींची आवड असेल तर विधानसभा-सचिवालय-उच्च न्यायालयाचा परिसर बागेच्या शेजारीच आहे. २०१६पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण तिथे वाटाड्यासोबतच सोडतात आणि ओळखपत्र लागतं. आधी पर्यटन खात्याकडे चौकशी करा.

आणि चंडीगड जमलंच नाही, तर हिरमुसू नका. मिरजेहून कोल्हापूर किती लांब? तिथून जवळच कणेरी मठावर सिद्धगिरी संग्रहालय आहे. आपला सगळा गावगाडा, बारा बलुतेदार, मोटेवरचा शेतकरी, जात्यावरची बाई, सगळे सिमेंटच्या पुतळ्यांतून उघड्यावर उभे केलेले आहेत. तिथे प्रत्येक पुतळा ओळखीचा निघतो. चंडीगडला एकही नाही. दोन्ही बघावेत.

५) आणि आता तुमच्या ‘ह्यां’चा प्रश्न

भंगार बघायला तिकीट कशाला?

याचं उत्तर मला एका बाईने दिलं. अर्थात सिमेंटच्या. तिच्यासारख्या तीस-चाळीस जणी एका उतरणीवर ओळीत उभ्या होत्या, सगळ्या जणू वऱ्हाडात निघाल्यासारख्या. लांबून पाहिलं तर त्यांच्या घागऱ्यांवर भरजरी काम वाटत होतं. जवळ गेलो तर बांगड्यांचे तुकडे. लाल, हिरवे, मोरपंखी, मधेच एखादा सोनेरी वर्ख उडालेला. ते सपाट चिकटवलेले नव्हते. कडा बाहेर ठेवून एकाला एक लागून रोवलेले होते, जसे मनगटावर एकीला एक लागून असतात. उन्हाची तिरीप फिरली की रंग कडेकडेने सरकत जाई.

ताई, आपल्याकडे बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत. ‘वाढली’ म्हणतात. नारळ वाढवतो तशी बांगडी वाढवतो. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून आपण शब्द फिरवतो आणि तुकडे केरसुणीने भरून उकिरड्यावर टाकतो. शब्दाचा मान राखतो, वस्तूचा नाही. नेकचंदांना मराठी येत नव्हतं, पण बांगडी खरोखर वाढवली ती त्यांनी. शेकडो अनोळखी मनगटांवरून उतरलेल्या काचेची त्यांनी नवी बाई केली, तिला उभं राहायला जागा दिली. सायकलच्या सीटचं जनावराचं डोकं केलं, तिच्या काट्याचे पाय केले. त्यांच्या हाताला कुठल्या कलाशाळेचं वळण नव्हतं. तरी त्यांचे पुतळे आज स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आणि अमेरिकेतल्या शेबॉयगनच्या संग्रहालयांत आहेत.

आणखी एक गंमत ह्यांना सांगा. चंडीगडचा आराखडा करणाऱ्या ल कार्बुझिए यांनी शहरासाठी एक जाहीरनामा लिहून ठेवला आहे. त्यात असं कलम आहे की, या शहरात आणि त्याच्या बागांत कुणाही व्यक्तीचा पुतळा उभारायचा नाही. फार तर ब्राँझची पाटी लावा. थोरामोठ्यांच्या पुतळ्यांना मनाई असलेलं हे शहर, आणि तिथे रोज हजारो माणसं पुतळे पाहायला रांग लावतात! नियम काही मोडलेला नाही. कारण हे पुतळे कुणा व्यक्तीचे नाहीतच. कुणाच्या पायाशी नाव नाही, कुणाच्या हातात तलवार नाही, कुणी बोट दाखवून दिशा देत नाही. पाणी आणणाऱ्या, नाचणाऱ्या, नुसत्या उभ्या असलेल्या माणसांची ही गर्दी आहे. पुतळा व्हायची पाळी ज्यांच्यावर कधी येत नाही, त्यांची.

तेव्हा तिकीट भंगाराचं नाही. भंगार तुमच्या माळ्यावर आहेच, ह्यांचं म्हणणं बरोबर आहे. ते अठरा वर्षं रोज रात्री, कुणी बघत नसताना, कुणी शाबासकी देण्याची शक्यता नसताना, हाताळत बसणारा माणूस माळ्यावर नाही. तिकीट त्याचं आहे, आणि मोबदल्याच्या मानाने फारच स्वस्त आहे.

जा. पहिल्याच ठेंगण्या दारापाशी ह्यांना पुढे करा आणि डोकं सांभाळायला सांगा.